जप्तीतल्या लवंगा

एकच लवंग खायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. एकच, तीही आजच्यापुरती, आणि तीही चघळायची नाही, नुसती दाढेखाली धरून ठेवायची. पहिला पेशंट यायला अजून अवकाश होता, नर्सबाई बाहेर खुर्च्या पुसत होत्या, आणि डॉक्टर अवजारांच्या कपाटासमोर उभे राहून मागे कोणी नाही ना, हे पुन्हा पुन्हा बघत होते. (स्वतःच्याच दवाखान्यात चोरासारखं उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. पुढे सवय झाली.)

आता लवंग खाणं हा काही गुन्हा नव्हे. पण हे डॉक्टर दातांचे होते, आणि दवाखान्याच्या दारावर त्यांनीच हौसेने रंगवून घेतलेली पाटी होती: 'दाढ दुखते? लवंग नको. आत या.' शिवाय ती लवंग त्यांची नव्हती. ती जप्त केलेली होती.

दवाखाना घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत होता. मधल्या दाराने घरात जायचं, पुढच्या दाराने व्हरांड्यात. व्हरांड्यात पेशंट बसायचे, आणि पेशंटांच्या घोळक्यात सासरेबुवा. सासरेबुवा म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचे वडील. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यावर मुलीकडे राहायला आलेले, उंचेपुरे आणि खणखणीत आवाजाचे गृहस्थ. उभा जन्म त्यांनी आगी विझवण्यात घालवला होता. आता रिकामा वेळ खायला उठायचा, म्हणून त्यांनी लोकांच्या दुखण्यांकडे मोर्चा वळवला होता. व्हरांड्याच्या कठड्यावर त्यांच्या कुंड्या होत्या, पुदिन्याच्या, ओव्याच्या, गवती चहाच्या. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी चपटी डबी, आणि त्या डबीत लवंगा. कोणी खोकलं की मध आणि आलं, कोणी पोट धरलं की ओव्याचं पान. गाल धरून कोणी आलं की सासरेबुवा खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "आ करा बघू. ही धरा दाढेखाली. चावू नका."

डॉक्टरांनी बरेच दिवस हे चालवून घेतलं. मग एकदा बँकेतले कॅशियर आले. दुखण्याने बिचारे अर्धमेले झालेले. सासरेबुवांनी लवंग दिली, कॅशियरांना उतार पडला, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत ते आभार मानून घरी निघूनही गेले. पुन्हा उगवले तेव्हा त्यांचा गाल भोपळ्यासारखा सुजला होता. त्या दिवशी डॉक्टरांचा संयम सुटला.

"बाबा, ती डबी इकडे द्या."

"अहो, पण त्यांना बरं वाटलं होतं, जावईबापू."

"तेच तर! बरं वाटलं म्हणून ते गेले. कीड होती तिथेच राहिली!"

सासरेबुवांनी खिशातून डबी काढली, अंगठ्याने पुसली आणि जावयाच्या हातावर ठेवली. वर म्हणाले, "ज्या दिवशी तुमची स्वतःची दाढ दुखेल ना, त्या दिवशी ही डबी आठवेल."

इथे डॉक्टरांनी गप्प बसायला हवं होतं. पण समोर बायको होती, नर्सबाई होत्या आणि दोन-चार पेशंटही कान टवकारून बसले होते. डॉक्टर तावातावाने म्हणाले, "माझी दाढ दुखली तर मी सरळ खुर्चीत जाऊन बसेन. आणि मी लवंग तोंडात धरलेली कोणाला दिसलो, तर हा व्हरांडा तुमचा! टेबल टाकून देईन, वर तुमच्या नावाची पाटी लावून देईन. खुशाल औषधं वाटा."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सासरेबुवा म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं होतं.

आणि आता महिना उलटायच्या आत डॉक्टरांची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली होती. छोटा आरसा तोंडात घालून त्यांनी स्वतःच तपासणी केली. दाढेला कीड लागली होती, कीड मुळापर्यंत गेली होती, आणि काय करायला हवं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अडचण एकच होती. डॉक्टरांना इंजेक्शनची भीती वाटायची.

द्यायची नाही हो, घ्यायची. द्यायला ते एकदम पटाईत. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं म्हणत त्यांनी गावातल्या अर्ध्याअधिक हिरड्यांत सुया खुपसल्या होत्या. न रडणाऱ्या मुलांच्या शर्टावर ते चमकी कागदाचा लाल स्टार चिकटवत. मोठी माणसं फारच धीराने वागली तर त्यांनाही देत. पण ती सुई किती लांब असते, कुठे टोचते आणि कधी कधी पुन्हा टोचावी लागते, हे त्यांना पेशंटांपेक्षा फार जास्त माहीत होतं. गावात दातांचे दुसरे डॉक्टर होते, पण ते पडले त्यांचे वर्गमित्र. त्यांना सांगणं म्हणजे सगळ्या बॅचला सांगणं. तेव्हा तूर्त एक लवंग, मग बघू, असा डॉक्टरांनी विचार केला आणि डबी उघडली.

लवंगेने काम चोख केलं. दाढ बधिर झाली, डॉक्टर प्रसन्न झाले, आणि दुपारपर्यंत त्यांनी दोनदा शीळ घातली. पकडलं जाण्याची तर भीतीच नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तोंडाला लवंगेचा वास आला असता तर बायकोने तिथल्या तिथे विचारलं असतं. पण दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास कायमचाच असतो. डॉक्टरांच्या शर्टाला तो यायचा, उशीला यायचा, लग्नात भेट मिळालेल्या शालीलासुद्धा यायचा. डॉक्टर लवंगेच्या वासातच राहत होते, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायला कोणाला जागाच नव्हती.

आजच्यापुरती म्हणून घेतलेली लवंग उद्याही लागली. परवा सकाळी एक आणि संध्याकाळी एक. एकदा तर अशी वेळ आली, की खुर्चीत आडव्या झालेल्या शिंपीणबाईंना डॉक्टर रागवत होते, "लवंगा चघळत बसलात? शिकल्यासवरल्या तुम्ही! वेळेवर यायला काय झालं होतं?" आणि हे बोलताना मास्कच्या आत त्यांची स्वतःची लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घरंगळली. शिंपीणबाई ओशाळल्या. डॉक्टरही ओशाळले, पण मास्क होता म्हणून निभावलं.

अशाने डबी किती दिवस पुरणार? एका सकाळी तळाशी नुसता भुगा उरला होता, आणि नेमके त्याच सकाळी सासरेबुवा दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू, डबी आहे ना जागेवर?"

"आहे की. का हो?"

"नाही, सहज. एखादी लवंग... म्हणजे मला नकोय. नुसतं विचारलं."

हे आपल्याला खोदून विचारताहेत, अशी डॉक्टरांची खात्री पटली. म्हातारा वास काढतोय! त्या दुपारी ते मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात शिरले. लवंगांची बरणी काही सापडली नाही (डबी जप्त झाल्यापासून बायकोने घरातल्या लवंगाही कुठेतरी उचलून ठेवल्या होत्या), पण काळी मिरी सापडली. ती मूठभर डबीत भरून डॉक्टरांनी डबी कपाटात जागच्या जागी ठेवून दिली. निदान हलवली तर वाजेल.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा पुन्हा हजर. "जरा वाजवून दाखवता?"

डॉक्टरांनी डबी काढून कानाशी वाजवली. सासरेबुवा डोळे मिटून ऐकत राहिले.

"आवाज बदललाय," ते म्हणाले.

"दमट हवा आहे, बाबा."

"लवंग अशी टणटण वाजत नाही."

"कपाट लोखंडी आहे ना, त्याने होतं तसं."

सासरेबुवांनी एक खोल सुस्कारा सोडला आणि ते गाल चोळत निघून गेले. डॉक्टरांनी त्या गाल चोळण्याकडे लक्ष दिलं असतं तर पुढचं बरंच रामायण टळलं असतं. पण त्यांना त्या वेळी जगात एकच गाल दिसत होता.

लवंगा संपल्या, मग डॉक्टर मिठाच्या पाण्यावर आले. न्हाणीघराचं दार लावून, नळ मोठा सोडून ते गुळण्या करायचे. त्याने भागेना, म्हणून लसूण. लसणाची पाकळी ठेचून दाढेशी धरली तर ठणका कमी होतो, असं शिंपीणबाईच म्हणाल्या होत्या. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. आता त्यांनी पाकळी ठेचली, गालात सरकवली, वर दोन मास्क चढवले आणि पेशंट आत बोलावला.

पहिल्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना पाहून रस्त्यावरची गाढवंसुद्धा रांगेत चालायची, असा त्यांचा दरारा. डॉक्टर त्यांच्यावर वाकले. बाईंनी नाक किंचित आक्रसलं, मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"डॉक्टर," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माफ करा हं. मी घासून आले होते दात."

"अं? हो, हो. दिसताहेत ना स्वच्छ."

"तरी वास येतोय. मलाच येतोय, तर तुम्हाला किती येत असेल!"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. डॉक्टरांनी छताकडे बघितलं. "होतं असं कधी कधी," ते म्हणाले. बाई उठून चूळ भरून आल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. जाताना त्यांनी नर्सबाईंकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

त्यांच्यामागून बसचे एक ड्रायव्हर आले. तेही थोड्या वेळाने गप्प गप्प झाले. बाहेर पडताना नर्सबाईंना म्हणाले, "सिस्टर, तोंडाला वास येतो म्हणून बायको सांगायची आणि मी तिच्याशी कडाकडा भांडायचो. आज घरी जाऊन पाय धरतो तिचे."

नर्सबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. "डॉक्टर, आज गावाने ठरवून एकच भाजी खाल्लीय की काय?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी मानेनेच हो म्हटलं, कारण तोंड उघडायची सोय नव्हती. आपण किती नीच आहोत, असं त्यांना त्या वेळी अगदी मनापासून वाटलं. पण दाढ थांबली होती.

घरात मात्र निराळीच पंचाईत. जेवायला बसल्यावर मास्क काढावा लागतो आणि घास चावावा लागतो. डॉक्टर डाव्या बाजूने चावायचे, तेही घाबरत घाबरत. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसायचे. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "माझं पोट जरा बिघडलंय. चार दिवस हलकंच खाईन म्हणतो."

पोट म्हणताच सासरेबुवांच्या अंगात वीज संचारली. दातांवर बंदी होती, पोटावर नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे आलं किसलं, लिंबू पिळलं, वर चिमूटभर मीठ टाकून वाफाळता पेला जावयापुढे ठेवला. "एका दमात घ्या. गरम आहे तोवरच."

गरम! डॉक्टरांच्या दाढेला गरम लागलं की कळ थेट टाळूत जायची. पण सासरेबुवा समोर उभे, बायको बघतेय. डॉक्टरांनी पेला तोंडाला लावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघा, कसं लागू पडतंय!" सासरेबुवा खूश झाले.

मग सकाळी बडीशेपेचं पाणी, दुपारी पुदिन्याचा रस, संध्याकाळी ओवा, आणि झोपताना पुन्हा तो आल्याचा पेला. चांगल्याभल्या पोटावर इतकं सगळं आदळल्यावर ते तरी किती तग धरणार? दोन दिवसांत डॉक्टरांचं पोट खरोखरच बिघडलं. आता त्यांना वर एक दुखणं होतं, जे सांगता येत नव्हतं, आणि खाली एक होतं, जे सांगायला पुन्हा तोंड नव्हतं, कारण सांगितलं की ओवा येत होता.

डॉक्टरांची बायको या काळात फार काही बोलली नाही. ती शांत स्वभावाची बाई, गावातल्या वाचनालयात काम करायची आणि घरीही आवाज न करता वावरायची. तिने एवढंच केलं, की स्वयंपाक मऊ करायला लागली. भोपळा उकडून कुस्करलेला, सूप गाळलेलं, पाव दुधात भिजवलेला. डॉक्टरांना वाटलं, नशीब आपलं. सासरेबुवाही हल्ली तेच खात होते, तेही निमूटपणे, एका बाजूने. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा माणूस, त्याला कशाला वेगळं करायचं म्हणून बायको तेच वाढत असेल.

"मिरी कुठे गेली कोणास ठाऊक," एकदा वाढता वाढता ती म्हणाली. दोघेही सूप ढवळत राहिले. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "वाचनालयात बायका सांगत होत्या, पुढच्या गावात दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्यात म्हणे. बसस्टँडच्या मागेच. हात इतका हलका, की सुई कळतसुद्धा नाही."

"असेल, असेल," डॉक्टर म्हणाले. "नव्यांचं पहिले चार दिवस असंच कौतुक होतं."

"मला काय करायचंय," सासरेबुवा म्हणाले. "मला लवंग पुरते."

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेवटची घोडचूक केली. दुपारी लसणाची पाकळी गालात ठेवून ते घटकाभर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. ठेचलेला लसूण हिरडीवर फार वेळ राहिला तर हिरडी भाजते, हे ते दर आठवड्याला कोणाला ना कोणाला बजावायचे. जागे झाले तेव्हा हिरडीची आग आग होत होती आणि गाल सुजायला लागला होता. आरशात बघितलं, तर आरशातून साक्षात कॅशियर बघत होते. आता सूज उतरायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. हेच दुखणं पेशंटचं असतं तर त्यांनी त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं असतं.

सकाळी मफलर गुंडाळून डॉक्टर बायकोला म्हणाले, "खुर्चीचा एक सुटा भाग आणायचाय. संध्याकाळपर्यंत येतो."

"या," बायको म्हणाली. "बाबाही त्यांच्या जुन्या मित्राला भेटायला गेलेत पहाटेच्या बसने. सगळ्यांची कामं आजच निघाली."

बसमध्ये डॉक्टर खिडकीशी बसले आणि गाल काचेला लावून ठेवला. काच गार होती, तेवढंच बरं वाटलं. बसस्टँडच्या मागे दवाखाना लगेच सापडला. काउंटरवरच्या मुलीने नाव-गाव विचारलं. डॉक्टरांनी गाव खरं सांगितलं, नाव नर्सबाईंच्या भावाचं.

"काम काय करता?"

"बुटांचं दुकान आहे," डॉक्टर म्हणाले. (का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. समोर तिच्या चपला दिसत होत्या, एवढंच.)

आतल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कोपऱ्यात एक उंचेपुरे गृहस्थ वर्तमानपत्र अगदी तोंडापुढे धरून बसले होते. डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले. वर्तमानपत्र उलटं होतं. ते धरणाऱ्या हाताच्या मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग होता. आगीच्या नोकरीत पडलेला तो डाग डॉक्टर रोज जेवताना बघत होते.

"बाबा?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. सासरेबुवांचा डावा गाल सुजला होता. जावयाचा उजवा. दोघांनी एकमेकांच्या गालाकडे पाहिलं.

"मित्राला भेटायला आलो होतो," सासरेबुवा शेवटी म्हणाले.

"मी खुर्चीच्या सुट्या भागासाठी," डॉक्टर म्हणाले.

"मिरी होती ना हो त्या डबीत?"

"हो."

"मला वाटलंच. आणि लवंगा?"

डॉक्टरांनी स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं. सासरेबुवा हसायला गेले, पण कळ आली म्हणून त्यांनी गाल धरला. "हरामखोर लेकाचे!" ते कळवळून पण बऱ्याच प्रेमाने म्हणाले. "इथे मी एकेका लवंगेसाठी तळमळतोय, आणि तुम्ही माझीच डबी साफ केलीत!"

"पण बाबा, तुमची दाढ दुखत होती तर माझ्याकडे का नाही आलात? घरात दवाखाना आहे!"

"जावयापुढे तोंड वासून झोपू? शोभतं का ते? आणि कुठल्या तोंडाने येणार होतो? सगळ्या गावाला लवंगा वाटल्या, आणि स्वतःची दाढ काही लवंगेने बरी होईना." मग वर्तमानपत्राची घडी करत म्हणाले, "एक सांगू का? मी कोणाला लवंग दिली ती आत जाऊ नये म्हणून नाही दिली. माणसं समोर कण्हत बसलेली असतात. नुसतं बघत बसवत नाही हो मला. नंबर येईपर्यंत जरा बरं वाटावं, एवढंच होतं. ते कॅशियर उठून जातील असं मला काय माहीत?"

डॉक्टरांना एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं ते दाराच्या आत होते. बाहेर बसून नंबरची वाट बघणं काय असतं, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं. आता या घडीला कोणी एक लवंग पुढे केली असती, तर त्यांनी त्या माणसाला दंडवत घातला असता.

"बाबा," ते म्हणाले, "तुमची डबी मी परत देतो. भरून देतो. व्हरांड्यात टेबलही टाकून देतो. पण एकच अट. लवंग दिलेला माणूस तुम्ही स्वतः धरून आत आणून सोडायचा."

"धरून आणीन! खांद्यावर टाकून आणीन, मला सवय आहे," सासरेबुवा म्हणाले. त्यांचा चेहरा, सुजला होता तेवढा सोडून, उजळला. "आणि आजचं हे घरी सांगायचं नाही."

"अजिबात नाही."

आधी सासरेबुवांना आत बोलावलं. आतून बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मग डॉक्टरांचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या आणि त्यांनी तोंडात पाहताक्षणीच मान हलवली.

"लवंग झालेली दिसतेय. लसूणही लावलात? हिरडी भाजून घेतलीत की! अहो, लवंगेने घटकाभर थांबतं, कीड कुठे जाते? तुमच्या गावात दातांचे डॉक्टर नाहीत का?"

"आहेत," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले.

"मग? बरे नाहीत का ते?"

"तसे बरे आहेत."

"मघाचे आजोबाही त्याच गावचे. त्यांनाही मी हेच विचारलं, तर म्हणाले, डॉक्टर चांगला आहे, पण स्वभावाने तापट." बाईंनी सुई हातात घेतली. "बरं, तुमचं बुटांचं दुकान आहे ना? दिवसभर उभं राहून माझ्या टाचा फार दुखतात. काय करावं?"

"कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा," डॉक्टर डोळे घट्ट मिटून म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना नंतर ध्यानात आलं.

"घाबरू नका हं. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

मुंगी! डॉक्टरांना सुईची सगळी लांबी डोळ्यांपुढे दिसली, आणि पुढे जे झालं ते त्यांच्या इच्छेविरुद्ध झालं. बाईंनी जोरात "आई गं!" म्हटलं. बाहेरच्या हॉलमधली एक लहान मुलगी रडायला लागली.

संध्याकाळी दोघे एकाच बसने परतले. ठरल्याप्रमाणे सासरेबुवा पुढे घरी गेले आणि डॉक्टर गल्लीला एक वळसा घालून मागून आले. सकाळचा मफलर त्यांनी अजून नाकापर्यंत ओढलेला होता. आत टेबलावर तीन वाडगे मांडलेले होते, तिन्ही गाळलेल्या सूपचे, तिन्ही कोमट. सासरेबुवा ताठ बसले होते आणि शर्टाच्या खिशावर त्यांनी हाताचा पंजा झाकून धरला होता.

"मिळाला का सुटा भाग?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. अर्धं तोंड बधिर होतं.

"बाबा, हात काढा खिशावरून."

सासरेबुवांनी हात काढला. खिशावर चमकी कागदाचा एक स्टार होता. तिने तो वाकून नीट पाहिला. "आपल्याकडचे लाल असतात. हा निळा आहे," ती म्हणाली. "म्हणजे गेलात बाई एकदाचे दोघं. मी तर पुढच्या आठवड्यात बसची तिकिटंच काढून देणार होते." मग तिने नवऱ्याच्या शर्टाकडे पाहिलं, मफलर बाजूला करून पुन्हा पाहिलं. "अहो, पण तुमचा स्टार कुठे आहे?"

डॉक्टर बधिर तोंडाने काहीतरी पुटपुटले. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"त्यांना नाही दिला," सासरेबुवांनी सूप ढवळता ढवळता सांगितलं. "त्यांनी बाईंचं बोट चावलं."